लॅपटॉपची रॅम वाढवायचीये? स्क्रू ड्रायव्हर नंतर, आधी आत काय आहे ते बघा

आमच्या घराण्यात कुणाचाही लॅपटॉप हँग झाला की फोन मला येतो. मी काही इंजिनियर वगैरे नाही, एकदा काकांचा लॅपटॉप उघडून परत बंद केला आणि तो चालू झाला, तेवढ्यावर नाव झालंय. तर मागे मामेबहिणीचा फोन आला, "दादा, हा लॅपटॉप टाकून देऊ का?" ती सीएची आर्टिकलशिप करते, म्हणजे दिवसभर टॅली, तीन-चार एक्सेल, जीएसटीचं पोर्टल, क्रोममध्ये पंचवीस टॅब आणि मध्येच सरांचा व्हिडिओ कॉल. लॅपटॉप रिफर्बिश्ड घेतलेला लेनोवो थिंकपॅड टी४८०, आय५ आठव्या जनरेशनचा, २५६ जीबी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), आणि रॅम, म्हणजे चालू काम ठेवायची तात्पुरती मेमरी, फक्त ८ जीबी. मी म्हटलं टाकू नको, रविवारी घेऊन ये.

हे सगळं त्याच रविवारच्या कामावरून लिहितोय. तुमचा लॅपटॉप दुसरा असेल तर स्क्रू वेगळ्या जागी असतील, बाकी पद्धत तीच. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, रॅम बसवायचं काम खरं दहा मिनिटांचं आहे, लोक फसतात ते बसवताना नाही, विकत घेताना. त्यामुळे निम्म्याहून जास्त लेख लॅपटॉप उघडायच्या आधीचाच आहे, कंटाळा आला तरी तो भाग गाळू नका.

रॅमच कमी पडतेय ना, ते आधी बघा

लॅपटॉप स्लो आहे म्हणजे रॅम कमी आहे असं नसतं. नेहमीचं जे काम असतं ते सगळं उघडा, अगदी रोजच्यासारखं, आणि मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जा, मेमरीवर क्लिक करा. वापरलेली मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर जाऊन बसलेली असेल आणि नवीन टॅब उघडला की सगळं दोन सेकंद थिजत असेल तर रॅम कमी पडतेय. विंडोज मग रॅममधलं न लागणारं सामान डिस्कवर टाकतं आणि लागलं की परत उचलून आणतं, ही ने-आण चालू असते म्हणून आपल्याला हँग झाल्यासारखं वाटतं. एसएसडी कितीही फास्ट असली तरी रॅमच्या मानाने ती बैलगाडीच.

पण मेमरी ५०-५५ टक्क्यांवरच आहे आणि डिस्क मात्र १०० टक्के दाखवतेय, आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, तर राव रॅमवर एक रुपया घालू नका. आधी एसएसडी टाका. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की आता पाठ झालंय. हार्ड डिस्कवाल्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम टाकून "काहीच फरक नाही पडला" म्हणणारे दोन नातेवाईक माझ्याकडे आहेत.

बहिणीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी होती आणि मेमरी ९३ टक्के. म्हणजे निदान पक्कं.

आत कुठली रॅम आहे, जागा आहे का

त्याच मेमरीच्या पानावर खाली उजवीकडे बारीक अक्षरात सगळी कुंडली असते आणि लोक ती कधी वाचत नाहीत. स्पीड, किती स्लॉट (रॅम बसवायच्या खोबणी) वापरलेत, फॉर्म फॅक्टर (रॅमचा आकार-प्रकार). तिच्या लॅपटॉपवर होतं स्पीड २४००, स्लॉट २ पैकी १, फॉर्म फॅक्टर सोडिम. (विंडोजच्या नव्या अपडेटमध्ये स्पीड मेगाहर्ट्झऐवजी एमटी पर सेकंद असा दिसतो, आकडा तोच, गोंधळू नका.)

सोडिम म्हणजे लॅपटॉपची ती बोटभर लांबीची, काढता-घालता येणारी स्टिक. आणि तिथे सोडिमच्या जागी "रो ऑफ चिप्स" असं काही लिहिलेलं असेल तर चहा करून प्या, कारण रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे, ती वाढत नाही. अशा लॅपटॉपवर कधीकधी स्लॉटचा आकडा पण दिसतो, ८ पैकी ४ वगैरे, त्यावर विश्वास ठेवू नका, ते खरे स्लॉट नसतात. हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर नावाची रॅम असते ती बहुतेक अशीच चिकटवलेली. ॲपलने तर मॅकबुक प्रोमध्ये २०१२ च्या रेटिना मॉडेलपासूनच हे सुरू केलं आणि २०२० च्या एम१ पासून रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच गेली, त्यामुळे नवीन मॅकबुकवाल्यांनी घेतानाच काय ते जास्त घ्यावं, नंतर काही होत नाही.

तिसरा प्रकार अर्धा-अर्धा, म्हणजे काही रॅम सोल्डर आणि सोबत एक स्लॉट. आणि इथे नावावरून फसायला होतं बघा, टी४८० ला दोन स्लॉट आहेत पण त्याचाच सडपातळ भाऊ टी४८०एस, त्यात काही रॅम बोर्डवर आणि एकच स्लॉट. शेवटच्या एका अक्षराचा फरक. म्हणून मॉडेल नंबर लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवरून बघायचा, "माझा लेनोवो आहे" एवढ्यावर दुकानात जायचं नाही.

अजून खोलात जायचं असेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एसपीडीच्या टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमध्ये कुठल्या कंपनीची, किती जीबीची, कुठल्या पार्ट नंबरची स्टिक आहे ते येतं. लिनक्सवाले डीएमआयडीकोड वापरतात, त्यांना मी काय सांगणार.

आणि जास्तीत जास्त किती चालते तेही बघा. ही मर्यादा प्रोसेसर आणि बोर्ड दोघांची असते. तिच्या आय५-८२५०यू ला इंटेलने ३२ जीबीपर्यंत आणि डीडीआर४ (ही रॅमची पिढी) २४०० असं दिलेलं आहे. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल टाकलं की मॅन्युअल मिळतं, त्यात मेमरीचं पान बघा, पाच मिनिटं लागतात. अजून एक, विंडोज जर अजून ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर ते ओळखतच नाही, वापरायला सव्वातीन-साडेतीनच्या आसपास मिळते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, तिथे ६४ बिट लिहिलेलं पाहिजे.

आता खरेदी, आणि काकांच्या लॅपटॉपचं रामायण

पिढ्या लक्षात ठेवा. डीडीआर३ च्या लॅपटॉप स्टिकला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. खालच्या सोनेरी कडेला एक खाच असते आणि ती प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी आहे, त्यामुळे चुकीची पिढी मुळात आत जाणारच नाही. ताकद लावाल तर स्लॉट जाईल. डेस्कटॉपची स्टिक जवळपास दुप्पट लांब, ती तर प्रश्नच नाही, तरी ऑनलाइन ऑर्डर करताना "लॅपटॉप" किंवा "सोडिम" शब्द वाचल्याशिवाय बटण दाबू नका, फोटोत अंदाज येत नाही.

खरा घोळ होतो तो डीडीआर३ आणि डीडीआर३एल मध्ये. दोन्हीला पिना २०४, खाच एकाच जागी, बसते अगदी आरामात. पण साधी डीडीआर३ चालते १.५ व्होल्टवर आणि एलवाली १.३५ वर. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या जनरेशनच्या पुष्कळ लॅपटॉपना एलवालीच लागते. काकांच्या वेळी मी दुकानदाराला म्हटलं डीडीआर३ ची ४ जीबी द्या, त्याने दिली, मी बसवली, लाइट लागला, पंखा फिरला आणि स्क्रीन काळी ती काळीच. तासभर काढ-घाल केली. काकू मागे उभ्या राहून "तुला येतं ना रे नक्की?" विचारतायत. शेवटी जुन्या स्टिकचं स्टिकर नीट वाचलं तर त्यावर पीसी३एल होतं आणि नव्यावर नुसतं पीसी३. एका 'एल'साठी दुसऱ्या दिवशी परत दुकानात फेरी, आणि दुकानदार म्हणतो पाकीट फोडलंय आता बदलून मिळणार नाही. पैसे गेले. पण स्टिकर वाचायचं कायमचं कळलं.

तर स्टिकर कसं वाचायचं. बहिणीच्या स्टिकवर छापलेलं होतं ८जीबी १आर×८ पीसी४-२४००टी-एसए१-११. पहिलं समजलंच, ८ जीबी. १आर म्हणजे एक रँक, आणि ×८ म्हणजे एकेका चिपची रुंदी ८ बिट, याची आपल्याला फार काळजी नाही. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २४०० म्हणजे स्पीड. पुढचा टी हा लेटन्सीचा, म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळाचा, गट. त्यानंतरचं एस म्हणजे सोडिम, लॅपटॉपवाली. काही स्टिकवर २४०० च्या जागी पीसी४-१९२०० लिहिलेलं असतं, ती वेगळी रॅम नाही, २४०० ला ८ ने गुणा, १९२०० मेगाबाइट दर सेकंदाला. तसंच २६६६ म्हणजे पीसी४-२१३००, ३२०० म्हणजे पीसी४-२५६००.

मग २४०० चीच घ्यावी लागते का? नाही. जास्त स्पीडची टाकली तर ती खाली उतरून लॅपटॉपच्या स्पीडने चालते, आणि दोन वेगवेगळ्या असतील तर दोघी हळू असलेलीच्या चालीने चालतात, बैलजोडीसारखं. आता बाजारात २४०० ची नवीन सहज मिळत नाही, २६६६ किंवा ३२०० मिळते, आम्ही ३२०० ची घेतली, चालतेय २४०० वर, काही बिघडत नाही. फक्त ३२०० साठी जास्तीचे पैसे देऊन स्पीड वाढेल अशी आशा ठेवू नका.

किती घ्यायची? टॅली, एक्सेल, ब्राउझर, झूम, एवढ्याला एकूण १६ भरपूर. व्हिडिओ एडिटिंग, व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइड स्टुडिओ असलं काही असेल तर ३२. आणि एक स्लॉट रिकामा असेल तर शक्यतो आहे तेवढीच दुसरी टाका, ८ ला ८. कारण दोन सारख्या स्टिक असल्या की ड्युअल चॅनल चालू होतं, म्हणजे प्रोसेसरला रॅमकडे जायला एकाऐवजी दोन रस्ते, कागदावर १९.२ जीबी दर सेकंदाचे थेट ३८.४ होतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला याचा जास्त उपयोग, कारण त्यांचं ग्राफिक्स याच रॅममधून खातं. ४ आणि ८ टाकली तरी चालतं, इंटेलमध्ये ४ अधिक ४ चा भाग ड्युअलमध्ये चालतो आणि उरलेले ४ सिंगलमध्ये. कंपनी वेगळी असली तरी चालते बहुतेक, किंग्स्टन आणि सॅमसंग एकत्र सुखाने नांदताना मी पाहिलंय.

भावाचं विचाराल तर वेळ वाईट आहे. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅम जी महागली ती एआयच्या डेटा सेंटरमुळे, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन हे मोठे उत्पादक सर्व्हरच्या मेमरीकडे वळले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे सेकंड हँड स्टिक घ्यायचा मोह होतो. घ्या, रॅम तशी लवकर मरत नाही, पण दोन दिवसांत परत करता येईल असं बोलूनच घ्या आणि खाली सांगितलेली टेस्ट त्याच रात्री लावा. आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत. तिथे तीन-चार दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेऊ नका आणि जुन्या स्टिकच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, तो दाखवला की दुकानदार उगाच इकडची तिकडची चिकटवत नाही. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" हे वाक्य येणारच, बिल घ्या, वॉरंटीला तोच कागद लागतो.

उघडायच्या आधी

लागणारं सामान: चांगला छोटा फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर (त्या दहा रुपयांच्या सेटमधला नको, तो स्क्रूचं डोकं गुळगुळीत करतो आणि मग बसा), एक्सपायर झालेलं एटीएम कार्ड किंवा गिटारचं पिक, आणि एक पांढरा कागद. काही लॅपटॉपला चांदणीसारख्या खाचेचे टॉर्क्स स्क्रू असतात, मॅकबुकला पाच पाकळ्यांचे, तेव्हा आधी पाठ उलटी करून बघा.

कागद कशाला? त्यावर लॅपटॉपची पाठ काढायची, नुसता चौकोन, आणि जो स्क्रू जिथून निघाला तो तिथेच ठेवायचा किंवा सेलोटेपने चिकटवायचा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये स्क्रू दोन-तीन लांबीचे असतात, लांब स्क्रू छोट्याच्या जागी घातला तर आत जाऊन बोर्डला नाहीतर टचपॅडला भोसकतो. कुणी डबीत एकत्र टाकतं आणि मग शेवटी दोन उरतात, ते मोबाइल रिपेअरवाल्याचं भूषण, आपलं नाही.

डेटाचा बॅकअप घ्या, रॅमने डेटा जात नाही पण तरी. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंग्ज) हात घातल्यावर कधी कधी तो मागतो.

आता वीज. नुसतं शटडाउन पुरत नाही, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची गोष्ट असते, त्यामुळे ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. चार्जर काढा. टी४८० ला दोन बॅटऱ्या आहेत, एक मागून लॅच सरकवून निघते ती आणि एक आतमध्ये. आतली बंद करायची सोय बायोसमध्ये आहे, रीस्टार्ट करून लोगो आला की एफ१, मग कॉन्फिग, त्यात पॉवर, त्यात डिसेबल बिल्ट-इन बॅटरी, यस. लगेच लॅपटॉप आपोआप बंद होतो. मग मागची बॅटरी काढली. ज्या लॅपटॉपमध्ये अशी सोय नाही त्यात कव्हर उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर अलगद काढणं, वायर धरून नाही, प्लगच्या दोन्ही कडांना नखाने ढकलून. त्याशिवाय रॅमला हात लावायचा नाही.

आणि ती स्थिर वीज. पावसाळ्यात डोंबिवलीत दमटपणामुळे त्रास कमी, पण नागपूरकडे हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो तोच प्रकार इथे चिप मारू शकतो. गादीवर, चादरीवर, सतरंजीवर काम करायचं नाही, लाकडी टेबल बरं. हात लावायच्या आधी घरातल्या एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूच्या वस्तूला, म्हणजे प्लग लावलेल्या फ्रिजच्या किंवा डेस्कटॉपच्या कॅबिनेटच्या उघड्या धातूला, स्पर्श करा. अधूनमधून परत करा. बस, मनगटाला पट्टा असेल तर उत्तम, माझ्याकडे नाही.

उघडणं आणि बसवणं

टी४८० ची पाठ सहा स्क्रूंवर आहे आणि ते पूर्ण निघतच नाहीत, ढिले होऊन कव्हरलाच लटकून राहतात. बहिणीने एक स्क्रू पाच मिनिटं फिरवला, "दादा हा निघतच नाहीये", अगं निघणार नाहीच तो. (माझा कागद वाया गेला, तरी सवय ठेवा.) दुसऱ्या लॅपटॉपमध्ये काही स्क्रू रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली लपलेले असतात, कव्हर एका बाजूने उचलत नसेल तर समजायचं अजून एखादा बाकी आहे. ओढाओढ नको.

मग एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवायचं. टक्, टक्, टक् असे आवाज येतात, पहिल्यांदा काळजात धस्स होतं, काहीतरी तुटलं वाटतं, ते फक्त प्लॅस्टिकचे खटके सुटत असतात. घाई केली तर मात्र खरंच तुटतात.

आत धूळ असतेच. ब्रशने हळू झाडा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

रॅमचा स्लॉट ओळखायला सोपा, जुनी स्टिक तिथे आडवी झोपलेली दिसते, दोन बाजूंना चमचमत्या धातूच्या दोन क्लिपा. काही लॅपटॉपमध्ये वर काळा प्लॅस्टिकचा पापुद्रा नाहीतर पत्र्याचं झाकण असतं, ते उचला. जुनी काढायची असेल तर दोन्ही क्लिपा एकदम, दोन अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला ढकला, स्टिक स्वतःच उडी मारून तिरकी उभी राहते, मग त्याच तिरक्या कोनात बाहेर ओढायची. आम्हाला काढायची नव्हती, दुसरा स्लॉट मोकळा होता, तरी तिला शिकवायला एकदा काढून परत लावली.

नवी स्टिक पाकिटातून काढताना फक्त कडांना धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका, बोटाचं तेल बसतं. खाच स्लॉटमधल्या उंचवट्याच्या समोर आणा. जुळत नसेल तर उलटी फिरवा, तरीही जुळत नसेल तर चुकीची रॅम आहे. मग साधारण तीस अंशाच्या कोनात आत सरकवा आणि इथे जरा धीट व्हा, दोन्ही कोपऱ्यांवर सारखा दाब देऊन अगदी आतपर्यंत. किती आत? सोनेरी दातांची फक्त एक बारीक रेघ दिसेल न दिसेल इतकी. नव्वद टक्के "रॅम दिसत नाही" च्या तक्रारी इथेच जन्मतात असं माझं मत, लोक घाबरून अर्धवट आत घालतात आणि खाली दाबतात, क्लिपा लागल्यासारख्या वाटतात पण एका बाजूचे दात टेकलेलेच नसतात.

आत गेली की वरच्या कडेवर दोन बोटांनी खाली दाबा, मधल्या चिपांवर नाही. दोन्ही क्लिपा एकदम टक् करून धरतात. आवाज आला नाही तर क्लिपा डोळ्यांनी बघा, स्टिकच्या बाजूच्या अर्धगोल खाचांत घुसलेल्या हव्यात. कव्हर लगेच पक्कं करू नका, नुसतं ठेवा, आधी चालू करून बघायचं.

चालूच होत नाही!

इथे आमच्याकडे मोठा सीन झाला. मागची बॅटरी लावली, बहिणीने पॉवरचं बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, शून्य. लाइट नाही, पंखा नाही. तिचा चेहरा पडला, उद्या ऑफिस. मलाही दोन सेकंद काकू आठवल्या. मग डोक्यात प्रकाश पडला, बायोसमधून बॅटरी डिसेबल केलेली, ती चार्जर लावल्याशिवाय जागी होत नाही. चार्जर खोचला, बटण दाबलं, लाल ठिपका पेटला. थिंकपॅडवाल्यांनी हे हातावर लिहून ठेवा.

चालू झाल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काळी राहू शकते, जरा वेळ थांबा. नवी रॅम दिसली की लॅपटॉप तिच्याशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, डीडीआर४ ला थोडक्यात होतं, डीडीआर५ ला काही मिनिटंही लागू शकतात. लोक वीस सेकंदांत बटण दाबून धरतात आणि ते मध्येच तुटतं, मग परत पहिल्यापासून. काही लॅपटॉपवर "मेमरीचं प्रमाण बदललंय" असा मेसेज येतो, कंटिन्यू करा, तक्रार नाही ती, दखल आहे.

पाचेक मिनिटांनंतरही काळीच असेल, किंवा बीप बीप करत असेल, तर बंद करा, वीज परत पूर्ण तोडा, आणि नवी स्टिक काढून पुन्हा घाला, या वेळी जास्त आत. तरी नाही तर फक्त जुनी ठेवून बघा, चालू होतंय म्हणजे लॅपटॉप ठणठणीत. मग फक्त नवी, जुन्या जागी. त्यावर चालू झालं तर दुसऱ्या स्लॉटमध्ये कचरा किंवा बिघाड, नाही झालं तर स्टिक खराब नाहीतर चुकीची. अशी एकेक करून सांगड लावली की दहा मिनिटांत गुन्हेगार सापडतो. जुन्या स्टिकचे दात काळपट दिसत असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कपड्याला लावून पुसा. शाळेच्या खोडरबरानेही निघतं, आपल्याकडचे सगळे रिपेअरवाले तेच करतात, पण हलक्या हाताने आणि लॅपटॉपपासून लांब, त्याचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवं दुखणं.

दिसली, आता तपासा

टास्क मॅनेजर परत उघडा. आमच्याकडे १६ जीबी, स्लॉट २ पैकी २, स्पीड २४००. वापरायला १६ पूर्ण दिसत नाही, पंधरा पूर्णांक काहीतरी, उरलेली ग्राफिक्स आणि हार्डवेअरसाठी राखीव, त्यात दुकानदाराने फसवलेलं नाही. पण १६ बसवून वापरायला फक्त ८ दाखवतंय असं झालं तर दोन गोष्टी बघा, स्टिक अर्धवट बसलीये का, आणि एमएसकॉन्फिगमध्ये बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "मॅक्सिमम मेमरी" वर कुणी टिक करून ठेवलंय का. इंटरनेटवरचे "लॅपटॉप फास्ट करा" वाले व्हिडिओ बघून लोक ती टिक करतात, तिने रॅम वाढत नाही, उलट अडते.

फास्ट स्टार्टअप हवं असेल तर परत चालू करा. स्क्रू आवळा, सगळे थोडे थोडे लावून मग शेवटचा पीळ, आधी एकच घट्ट केला तर कव्हर तिरकं बसतं.

आणि टेस्ट. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधा, रीस्टार्ट होऊन तपासतं, हे झटपट. जास्त भरवशाचं म्हणजे मेमटेस्ट८६, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच लॅपटॉप बूट (सुरू) करायचा, फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, १६ जीबीला कित्येक तास लागतात म्हणून रात्री जेवण झाल्यावर चार्जर जोडून लावा आणि झोपा. सकाळी एकही एरर नको. एक जरी लाल ओळ आली तर स्टिक परत, "एकच तर आहे" करत ठेवू नका, तीच एक चूक पुढे कधीतरी एक्सेलची फाइल करप्ट करेल किंवा निळी स्क्रीन देईल आणि तेव्हा रॅमवर कुणाला संशय पण येणार नाही. तिच्या चारही फेऱ्या शून्य एररने झाल्या.

सोमवारी तिचा मेसेज आला, टॅली, एक्सेल, पोर्टल, कॉल सगळं चालू आणि मेमरी ५८ टक्के, सोबत नाचणारा इमोजी. आठवड्याने परत मेसेज, मामाच्या लॅपटॉपचा स्क्रीनशॉट, खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांना लाल गोल केलेला. "दादा, बाबा म्हणतायत त्यांची पण वाढव. पण इथे रो ऑफ चिप्स लिहिलंय. म्हणजे राहू दे ना?"

हो, राहू दे.